‘सत्य वदवणारी सुई’ : वृत्तपत्रे काय सांगतात आणि शास्त्र काय सांगते



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने काय सोडले, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो : देव सोडले, नवस सोडले, अंगात येणे सोडले, गंडेदोरे सोडले. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. देव्हाऱ्यातील मूर्ती हलवणे सोपे असते; मनातील मान्य करण्याची सवय हलवणे कठीण असते. काल ज्या मनाने भगताच्या तोंडचे बोल प्रमाण मानले, तेच मन आज पडद्यावरील वृत्तनिवेदकाचे बोल तितक्याच सहजतेने प्रमाण मानीत असेल, तर बदलले काय? भगत गेला आणि निवेदक आला, एवढेच. कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला, त्याचा गाभा हाच आहे की, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मान्य करू नये. ज्यांनी हा उपदेश शिरोधार्य मानला, त्यांना तो वृत्तपत्र वाचतानाही लागू आहे.

आज एका विशिष्ट विषयाच्या संदर्भात हा विचार आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. तो विषय म्हणजे न्यायसहायक मानसशास्त्र, म्हणजेच गुन्ह्याच्या तपासात आणि न्यायालयात वापरले जाणारे मनाचे शास्त्र. हे नाव कदाचित आपल्या परिचयाचे नसेल. परंतु नार्को चाचणी, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग हे शब्द घरोघर पोहोचले आहेत. पनवेलला लागून गाढी नदीच्या काठी सिडकोने वसवलेल्या आमच्या करंजाडे वसाहतीत विमानतळासाठी घरदार सोडावे लागलेली कुटुंबे आहेत, तशीच पोटापाण्यासाठी विदर्भ-मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबेही आहेत. कोठे भयंकर खून झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘आरोपीची नार्को होणार’ अशी बातमी येते आणि त्याच रात्री कट्ट्यावर, जिन्यात, नळावर निकाल लागून जातो. न्यायाधीशाने अजून प्रकरणाचा कागदही पाहिलेला नसतो!

यात आपले काय बिघडते, असे कोणी म्हणेल. आपले फार बिघडते. याच पनवेल तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह उभे आहे. देशातील कारागृहांत चारांतील सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही. आणि त्या भिंतींआड अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाहून अधिक आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. संशयाचे बोट प्रथम कोणाकडे वळते, हे आपल्या वस्त्यांना वर्तमानपत्राने शिकवावे लागत नाही. ज्या समाजाकडे संशयाचे बोट आधी वळते, त्या समाजाला ‘संशय म्हणजे अपराध’ ही समजूत सर्वांत महाग पडते.

प्रथम वृत्तपत्रे आणि वाहिन्या काय सांगतात, ते पाहू. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा असतो : माणूस शुद्धीत असताना खोटे बोलतो, त्याच्या शिरेत एक औषध सोडले की त्याची खोटे बोलण्याची शक्ती लोपते आणि सत्य बाहेर पडते. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात ही कल्पना महाराष्ट्रात घरोघर गेली. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील आरोपींच्या अशा चाचण्यांना मान्यता दिली आणि पुढे तेलगीच्या चाचणीचे चित्रणही दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. अर्धवट गुंगीतील माणूस अडखळत नावे घेत आहे आणि सारा देश ते पाहत आहे, असा तो प्रकार होता. २००८ साली नोएडा येथील एका किशोरवयीन मुलीच्या हत्येत घरगडी आणि मदतनीस म्हणून राबणाऱ्या गरीब तरुणांच्या नार्को चाचण्या झाल्या, त्यांची चित्रणे वाहिन्यांवर फिरली आणि ‘खुनी सापडले’ असा डंका पिटला गेला. त्यांच्याविरुद्ध आरोपपत्रही दाखल होऊ शकले नाही. त्यानंतर मुलीचे आईबाप दोषी ठरले. वृत्तपत्रांनी त्यांच्याही मनाचे विच्छेदन केले. आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांनाही निर्दोष सोडले. दोन्ही वेळा वाहिन्यांना खात्री होती! २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांच्याही अशा चाचण्या झाल्या. २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. पकडल्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि सुटल्याची आतल्या पानावर, हे आपण जाणताच.

अगदी अलीकडे, २०२२ साली, वसईच्या एका तरुणीची दिल्लीत हत्या झाली. त्या प्रकरणातील आरोपीची नार्को चाचणी दिल्लीच्या रोहिणी भागातील ज्या रुग्णालयात झाली, त्याला बाबासाहेबांचेच नाव आहे. त्याला कोणते प्रश्न विचारले, त्याने काय उत्तर दिले, हे बंद दारांआडचे तपशील संध्याकाळपर्यंत सर्वांच्या तोंडी झाले होते. ज्या चाचणीतील बोलणे पुरावा म्हणून न्यायालय घेत नाही, ते बोलणे घरोघर पुरावा म्हणून स्वीकारले गेले.

आता शास्त्र काय सांगते, ते पाहू. शास्त्र म्हणजे प्रयोगशाळेची पाटी नव्हे, पांढरा अंगरखा नव्हे, आणि यंत्रावर लुकलुकणारा दिवाही नव्हे. एखादे विधान तपासून पाहण्याची, त्यातील चूक किती हे मोजण्याची आणि ती जाहीर करण्याची पद्धती म्हणजे शास्त्र. या कसोटीवर तिन्ही चाचण्या घासून पाहिल्या पाहिजेत.

पहिली नार्को चाचणी. यात सोडियम पेंटोथाल हे भूल देण्याचे औषध थोडे थोडे शिरेत सोडतात आणि माणसाला झोप व जागेपण यांच्या सीमेवर ठेवून प्रश्न विचारतात. हे औषध जिभेचा लगाम सैल करते, यात वाद नाही. परंतु लगाम सुटलेला घोडा घराकडेच धावेल, असे कोणी सांगितले? गुंगीतला माणूस आठवलेले बोलतो, ऐकलेले बोलतो, कल्पिलेले बोलतो. आणि विचारणाऱ्याने प्रश्नातच उत्तर घातले असेल तर तेही बोलतो. दारूच्या गुत्त्यावर माणूस पुष्कळ बोलतो, परंतु त्याचे सारे बोलणे आपण खरे मानीत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठातील रेडलिख, रॅव्हिट्झ आणि डेशन या संशोधकांनी १९५१ साली याच प्रश्नावर आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी नऊ जणांना स्वतःची एक लाजिरवाणी खरी हकिकत आणि तिच्यावर पांघरूण घालणारी एक बनावट गोष्ट तयार ठेवावयास सांगितली आणि मग औषध देऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडून उलटतपासणी केली. निष्कर्ष काय निघाला? जे मनाने स्थिर होते ते औषधाखालीही आपली बनावट गोष्ट धरून बसले. ज्यांच्या मनात आधीच अपराधाची भावना खोल रुतलेली होती, ते कबुली देत गेले. आणि न केलेल्या गोष्टींची कबुली देण्याचा धोकाही त्यांच्याच बाबतीत अधिक दिसला. म्हणजे लबाड निसटतो आणि दुबळा अडकतो! १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा औषधाच्या प्रभावाखाली दिलेला कबुलीजबाब ग्राह्य धरण्यास नकार दिला.

दुसरी लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफ. हे यंत्र खोटेपणा पकडत नाही. ते रक्तदाब, नाडी, श्वास आणि हाताला सुटलेला घाम मोजते. परंतु घाम खोटे बोलण्याने सुटतो, तसाच भीतीनेही सुटतो, अपमानानेही सुटतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीवर बोलावणे म्हणजे मार खाणे हेच ठाऊक होते, त्यांच्या नातवाचे हृदय ठाणेदारापुढे शांत चालेल काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या यंत्रामागील शास्त्रीय आधार दुर्बळ असल्याचे सांगितले. शरीराच्या ज्या हालचाली यंत्र टिपते त्या केवळ असत्याच्याच खुणा नाहीत, हे त्यामागील साधे कारण होय.

तिसरी ब्रेन मॅपिंग. डोक्याला विद्युतवाहिन्या लावून आरोपीला गप्प बसवतात आणि गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवतात. मेंदूतील विद्युतलहरींवरून ही घटना त्याने ‘अनुभवली’ आहे काय, हे सांगितले जाते. या पद्धतीचा एक भारतीय प्रकार सी. आर. मुकुंदन या मानसशास्त्रज्ञाने विकसित केला आणि तो मुंबईच्या कालिना येथील राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत वापरात आला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुण विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप सुनावली, तेव्हा या चाचणीचा निष्कर्षही विचारात घेतला होता. ही बातमी साऱ्या जगात गेली. मेंदूच्या अशा चाचणीला एवढे महत्त्व देऊन कोणाला दोषी ठरवल्याचे तोवर ऐकिवात नव्हते, म्हणून परदेशी शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे संचालक डॉ. डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने अशा मेंदू-चाचण्या शास्त्रीय कसोटीला उतरत नाहीत आणि त्या तपासाचे साधन अथवा पुरावा म्हणून वापरू नयेत, असा अभिप्राय दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला. निकालाची बातमी ज्यांनी वाचली, त्यांतील किती जणांनी समितीच्या अहवालाची बातमी वाचली असेल?

या तिसऱ्या चाचणीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्या. मेंदूला एखादा तपशील ‘ठाऊक’ आहे, एवढे जरी यंत्राने दाखवले, तरी तो कोठून ठाऊक झाला हे यंत्र कसे सांगणार? खून कोणत्या हत्याराने झाला, प्रेत कोठे टाकले, अंगावर कोणते कपडे होते, हे सारे वृत्तपत्रांनी आधीच छापलेले असते. आणि कोठडीत ते आरोपीपुढे दहा वेळा उच्चारलेले असते. वृत्तपत्र वाचणाऱ्या निरपराध माणसाच्या मेंदूतही तो तपशील असतोच. म्हणजे वृत्तपत्रे चाचणीची केवळ बातमी देत नाहीत, तर चाचणी नासवतातही.

‘परंतु निरपराध माणूस कबुली देईलच कशाला?’ असा प्रश्न आपल्यातील सुशिक्षितही विचारतात. त्याचेही उत्तर संशोधनाने दिले आहे. १९९६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. संगणकाची एक विशिष्ट कळ दाबू नका, असे बजावले. आणि कोणी ती दाबलेली नसताना ‘तू दाबलीस’ असा आरोप केला. शंभरातील ६९ जणांनी कबुलीपत्रावर सही केली. तेथे मार नव्हता, कोठडी नव्हती, औषध नव्हते. केवळ आरोप होता आणि काहींच्या बाबतीत एक खोटा साक्षीदार होता. ज्या देशात डीएनए चाचणीने शेकडो शिक्षा झालेले कैदी निर्दोष ठरले, तेथे त्या प्रकरणांतील चारांतून एकाहून अधिक प्रकरणांत खोटी कबुली आढळली. न्यायसहायक मानसशास्त्राचे खरे संशोधन हे आहे. साक्षीदाराची स्मृती कशी चुकते, दबावाखाली माणूस काय कबूल करतो, ओळखपरेडीत चुकीचा माणूस कसा निवडला जातो, हे त्याने दाखवले. म्हणजे शास्त्राने माणसाला सावध राहावयास शिकवले. वृत्तपत्रांनी त्याच शास्त्राचे नाव घेऊन माणसाला निश्चिंत केले.

आता असे एक प्रकरण सांगतो, जे बौद्धांनी कधीही विसरू नये. मे २००७ मध्ये नागपूर येथे अरुण फरेरा या मुंबईच्या कार्यकर्त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना पोलिसांनी पकडले. आरोप कोणता? तर दीक्षाभूमी उडवून देण्याचा कट! जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, त्या भूमीवर हल्ला करणार होते, असे सांगितले गेले. ही बातमी वाचून कोणत्या बौद्धाचे रक्त तापले नसेल? ते तापावे यासाठीच तर अशी बातमी असते. फरेरा यांची बंगळूर येथे नार्को चाचणी झाली. त्या गुंगीत त्यांनी नक्षलवाद्यांना राज्यातील एका बड्या राजकीय नेत्याकडून पैसा मिळतो असे म्हटल्याचे वृत्त फुटले. त्या बोलण्यावरून त्या नेत्यावर कोणी खटला भरला नाही. आणि ते योग्यच झाले, कारण गुंगीतील बोलण्याला पुरावा म्हणत नाहीत. परंतु मग हाच न्याय सर्वांना का नको? बड्या माणसाचे नाव निघाले की ती बडबड, आणि गरिबाचे नाव निघाले की ते सत्य, ही कसली चाचणी? फरेरा साडेचार वर्षांहून अधिक काळ कारागृहात राहिले आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत त्या सर्व खटल्यांतून निर्दोष सुटले. पुढे २०१८ साली दुसऱ्या एका प्रकरणात त्यांना अटक झाली आणि आपल्या याच तालुक्यातील तळोजा कारागृहात त्यांना ठेवण्यात आले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या दुसऱ्या खटल्याविषयी किंवा त्यांच्या राजकीय मतांविषयी येथे भाष्य करावयाचे नाही. सांगावयाचे एवढेच की, दीक्षाभूमीवरील आपली श्रद्धा जागवून आपल्याला ज्या आरोपावर विश्वास ठेवावयास लावले, तो आरोप न्यायालयात टिकला नाही.

हा सारा प्रकार नवा वाटतो, परंतु तो फार जुना आहे. धर्मशास्त्रांत ‘दिव्य’ नावाचा विधी होता. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. साक्षीपुरावा नसेल तर आरोपीने तापलेले लोखंड हाती घ्यावे, पाण्यात बुडी मारावी किंवा विष प्यावे. तो वाचला तर खरा, नाही तर खोटा. येथेही वर्णभेद सुटला नव्हता. स्त्रिया, बालके, वृद्ध, रोगी यांच्या जोडीने ब्राह्मणासाठी तराजूत बसण्याचे दिव्य, तर शूद्रासाठी अग्नी, जल किंवा विष! सत्य साक्षीतून, वस्तूंच्या तपासणीतून आणि युक्तिवादातून शोधावयाचे नसते, ते आरोपीच्या देहातून उपसावयाचे असते, ही त्यामागील समजूत होय. आज तापलेल्या लोखंडाच्या जागी सुई आली. मंत्र म्हणणाऱ्याच्या जागी तज्ज्ञ आला. समजूत मात्र तीच राहिली.

ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो, हे कायद्यात लिहिले. तो कायदा १९५२ साली गेला. तरी बातम्यांतून ‘गुन्हेगारी वृत्तीचा’, ‘विकृत मानसिकतेचा’ असे शिक्के आजही सहज मारले जातात. ज्या तज्ज्ञाने आरोपीला कधी पाहिलेले नाही, तोही दोन मिनिटांत त्याच्या मनाचे निदान सांगून जातो. भगवंतांनी अंगुलिमालाला पाहिले तेव्हा साऱ्या कोसल देशाने त्याला केवळ खुनी म्हणून पाहिले होते. भगवंतांनी त्याचे कर्म नाकारले नाही. परंतु त्याचा स्वभाव जन्माने ठरला आहे, असेही मानले नाही. माणूस कर्माने ठरतो, जन्माने नव्हे, हा आपल्या धम्माचा पाया होय. आणि ते कर्म सिद्ध करावे लागते, हा संविधानाचा पाया होय.

संविधानाच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने या तिन्ही चाचण्या सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. ही सक्ती अनुच्छेद २० (३) चा आणि अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. ९ जून २०२५ रोजी न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठाने बिहारमधील एका प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा दृढ केले. न्यायमूर्ती वराळे यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे निकटचे सहकारी होते, हे आपल्याला अभिमानाने स्मरेल.

या निर्णयांतून निघणारे हक्क प्रत्येक बौद्ध घरात पाठ असले पाहिजेत. ते थोडक्यात असे :

१. नार्को, लाय डिटेक्टर अथवा ब्रेन मॅपिंग यांपैकी कोणतीही चाचणी आरोपीच्या, संशयिताच्या किंवा साक्षीदाराच्या संमतीवाचून करता येत नाही. नकार देणे हा हक्क आहे. नकार म्हणजे अपराधाची कबुली नव्हे.

२. संमती द्यावयाचीच असेल तर ती पोलीस ठाण्यात कागदावर अंगठा उठवून द्यावयाची नसते. लाय डिटेक्टरविषयी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, वकिलाच्या साहाय्याने आणि परिणाम समजावून सांगितल्यावरच नोंदवली पाहिजे. नार्को आणि ब्रेन मॅपिंगलाही असेच संरक्षण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

३. संमतीने केलेल्या चाचणीतील बोलणेही पुरावा ठरत नाही, कारण त्या वेळी माणसाचा स्वतःवर ताबा नसतो. परंतु त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू हाती लागली तर ती पुरावा म्हणून येऊ शकते. म्हणून ‘निर्दोष असशील तर चाचणीला भितोस कशाला?’ या गोड बोलण्याला भुलू नये.

४. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क अनुच्छेद २२ ने दिला आहे. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते.

५. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतील व्यक्तीला आणि अनुसूचित जातींतील व्यक्तीला मोफत वकील मिळतो. बौद्ध झाल्याने हा हक्क जात नाही; १९९० साली अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश यादीत झाला आहे. यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

येथपर्यंत सांगितलेले बहुतेकांना पटेल. आता जे सांगावयाचे आहे ते कदाचित पटणार नाही; तरीही सांगणे प्राप्त आहे. आपल्या बांधवांवर अत्याचार होतो, तेव्हा आपल्याच निषेधसभांत ‘आरोपींची नार्को चाचणी झालीच पाहिजे’ असे ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. संताप समजण्यासारखा आहे. परंतु जी सुई आपल्या मुलाच्या दंडात खुपसली तर अन्याय, ती दुसऱ्याच्या मुलाच्या दंडात खुपसली तर न्याय, असे बौद्धाला म्हणता येईल काय? हा तत्त्वाचा प्रश्न झाला. आता व्यवहार पाहा.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी आठवडेच्या आठवडे तिकडे लक्ष दिले नाही. आणि जेव्हा बातम्या आल्या तेव्हा मारली गेलेल्या मातेच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडवले गेले. हेही एक वृत्तपत्री मानसशास्त्रच! आणि न्यायालयात काय उणे पडले? नार्को चाचणी उणे पडली नाही. पहिली शवचिकित्सा नीट झाली नाही, पुरले गेलेले देह पुन्हा बाहेर काढावे लागले, वेळीच गोळा करावयाचा वैद्यकीय पुरावा हातचा गेला. शेवटी अॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला नाही, असे २००८ साली सत्र न्यायालयाने म्हटले आणि २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. जेथे खरे शास्त्र हवे होते, म्हणजे शवागारात, पंचनाम्यात, रक्ताच्या नमुन्यात, तेथे ते नव्हते.

म्हणून आपल्या ठरावांतील मागण्या बदला. पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने स्वतः तपास करावा, ही मागणी करा. पीडित स्त्रीची वैद्यकीय तपासणी तातडीने व्हावी, साक्षीदारांना संरक्षण मिळावे, आरोपपत्र साठ दिवसांत दाखल व्हावे, ही मागणी करा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आणि त्याच्या नियमांनी हे सारे आपल्याला दिलेले आहे. सुईची मागणी केल्याने ढिला तपास करणाऱ्याला पळवाट मिळते. ‘चाचणीत काही निघाले नाही’ म्हणून तो मोकळा होतो.

बाबासाहेब स्वतः पत्रकार होते. ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली त्यांनी काढले, ते इतरांची वृत्तपत्रे बहिष्कृतांचे सत्य छापीत नव्हती म्हणूनच. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या देशातील वृत्तव्यवसायाचा धंदा झाल्याची कठोर शब्दांत जाणीव दिली होती. ती टीका ज्यांनी वाचली, त्यांनी तरी छापील अक्षर प्रमाण मानू नये.

याचा अर्थ वृत्तपत्रे वाचू नयेत, असा नव्हे. वाचावीत, परंतु बौद्धाने वाचावीत तशी वाचावीत. एखाद्या गुन्ह्याची बातमी आली की चार प्रश्न विचारावेत. हे कोण सांगत आहे, पोलीस की न्यायालय? ‘सूत्रांनी’ सांगितले म्हणजे नेमके कोणी? चाचणी चुकण्याचे प्रमाण किती, हे कोठे सांगितले आहे काय? आणि दुसरी बाजू छापली आहे काय? विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास काढून तरुणांनी एक वही ठेवावी. एका पानावर अटकेच्या वेळी वृत्तपत्रांनी काय लिहिले ते टिपावे, समोरच्या पानावर पुढे न्यायालयाने काय ठरवले ते टिपावे. दोन-तीन वर्षांत ती वही कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक शिकवील.

शील, समाधी आणि प्रज्ञा यांपैकी प्रज्ञा ही पंडितांची मिरास नाही. नळावर उभ्या असलेल्या भगिनीने ‘थांबा, अजून सिद्ध झालेले नाही’ एवढे म्हटले तरी तेथे प्रज्ञा प्रकट होते. चौथे शील आपल्याला असत्य बोलू नका असे सांगते. आणि न तपासलेला आरोप पुढे पसरवणारा माणूस त्या शीलापासून फार दूर नसतो. आपण ज्या समाजातून आलो, त्याला हजारो वर्षे पुराव्यावाचून दोषी ठरवले गेले. निदान आपण तरी कोणाला पुराव्यावाचून दोषी ठरवू नये. आणि आपल्याला कोणी पुराव्यावाचून दोषी ठरवू लागला, तर संविधान हाती घेऊन ताठ मानेने नकार द्यावा.

जय भीम!